कुरणावरचा दुभता कळप: कमी खर्चात सुरुवात कशी करावी

दुधाच्या धंद्यात सर्वांत मोठा खर्च चाऱ्याचा आणि आंबोणाचा, म्हणजे पेंड-भरड्याच्या खुराकाचा. चारा कापायचा, वाहायचा, कुट्टी करायची, गव्हाणीत टाकायचा, मग शेण भरून बाहेर काढायचं आणि पुन्हा शेतात नेऊन पसरायचं. यातलं प्रत्येक काम मजुरीवर नाहीतर डिझेलवर चालतं. चराईच्या पद्धतीत हीच कामं गाय करते. चाऱ्यापर्यंत चालत जाते, स्वतः कापून खाते आणि खाल्लेल्या नत्र, स्फुरद, पालाशाचा मोठा भाग शेणमुतातून तिथंच सोडून येते. पैसा वाचतो तो इथं.

पण गायी मोकळ्या सोडल्या की झाली चराई, असं धरून चालणाऱ्याचं कुरण उघडं पडायला वेळ लागत नाही. या पद्धतीत तुमचं खरं पीक गवत आहे. त्याला चावा कधी घेऊ द्यायचा आणि किती दिवस विसावा द्यायचा, हे एकदा हातात बसलं की कुंपण, औषधपाणी, वेताचं नियोजन या गोष्टी शिकता येतात. म्हणून मी आधी गवतावरच थांबणार आहे.

पहिली पायरी: जमीन किती गायी पोसेल?

गायी विकत घेण्याआधी हा हिशेब मांडा. ४५० किलो वजनाच्या दुभत्या गायीला दिवसाला साधारण १४ किलो शुष्क चारा लागतो, म्हणजे पाणी वजा जाता उरणारं वजन. हिरव्या गवतात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असू शकतं, तेव्हा प्रत्यक्षात ती पाऊणशे ते ऐंशी किलो गवत खाते. भाकड काळात गरज कमी होते. वर्षाचा मेळ घातला तर एका गायीला ४.८ टनांच्या आसपास शुष्क चारा हवा.

समजा तुमचं कुरण हेक्टरी वर्षाला १० टन शुष्क गवत देतं. त्यातलं सगळं काही पोटात जात नाही. काही तुडवलं जातं, काही शेणाखाली जातं, काही मुद्दाम मागं ठेवायचं असतं. ८ टन खाल्लं गेलं तर चराई चांगली झाली म्हणायची. म्हणजे १० गायींना ६ हेक्टर, सुमारे १५ एकर लागतील. कालवडी आणि वासरं वेगळी. तुमच्या जमिनीचा, पावसाचा, सिंचनाचा आकडा यापेक्षा बराच कमी-जास्त असू शकेल, तो घालून गणित पुन्हा करा. माझा आग्रह असा की पहिल्या वर्षी हिशेबात बसतात त्याहून कमी गायी ठेवा. गवत उरलं तर ते कापून साठवता येतं. गायी जास्त झाल्या तर त्यांना भूक लागली म्हणून गवत लवकर येत नाही, आणि बाहेरून विकत घेतलेली वैरण सगळी बचत खाऊन टाकते.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. कुरणावरची गाय गोठ्यात भरपूर आंबोण खाणाऱ्या गायीइतकं दूध देणार नाही. इथं एका गायीचं दूध मोजून फारसा उपयोग नाही. एका लिटरला खर्च किती आला आणि एकरामागे शिल्लक किती राहिली, हे दोन आकडे पाहा.

दुसरी पायरी: गवत कसं वाढतं ते ओळखा

गवताचं पान चावून नेलं की त्याच्याकडे ऊन पकडायला काही उरत नाही. मग ते बुडख्यात, खोडाच्या तळाशी साठवलेली साखर काढतं आणि तिच्यावर पहिलं नवं पान उभं करतं. दुसरं पान येईपर्यंत ते स्वतःच्या पायावर उभं राहतं, आणि तिसऱ्या पानापर्यंत साठा पुन्हा भरतो. थंड हवामानातल्या राय गवतात हे अगदी स्पष्ट दिसतं: एका फुटव्यावर एका वेळी साधारण तीनच पानं जिवंत असतात, चौथं आलं की पहिलं वाळायला लागतं. त्यामुळे तिसरं पान पूर्ण झालं की चारायची वेळ. त्याआधी चारलं तर मुळं आखडतात, उशीर केला तर खालचं गवत वाया जातं.

गिनी, ऱ्होड्स अशा उष्ण भागातल्या गवतांत पानांचा हिशेब इतका नेमका बसत नाही, पण न्याय तोच आहे. उशीर झाला की ही गवतं राय गवतापेक्षा लवकर दांडेली होतात. कणसं दिसायला लागली म्हणजे तुम्ही चुकलातच, दुधाला लागणारी प्रथिनं तोवर उतरलेली असतात.

फ्रान्सचे आंद्रे व्हॉइसिन स्वतः शेती करत आणि जीवरसायनशास्त्रही जाणत. १९५० च्या दशकात त्यांनी ठासून मांडलेला मुद्दा प्रत्येक नवख्यानं लक्षात ठेवण्यासारखा आहे: अतिचराई ही जनावरांच्या संख्येपेक्षा वेळेशी जास्त बांधलेली आहे. चरलेल्या बुडख्यातून दोन-तीन दिवसांत कोवळं पान वर येतं. गाय अजून तिथंच असेल तर ती जुनं गवत सोडून तेच गोड पान शोधून खाते. दोनच गायी महिनाभर एका जागी सोडल्या, तरी आवडीच्या गवताचे तेच तेच ठोंब पुन्हा पुन्हा चावले जातात आणि मरतात. शंभर गायी एक दिवस चरून पुढं गेल्या तर काही बिघडत नाही.

यातून तीन नियम निघतात.

१. एका पट्ट्यात तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नको. दुभत्या गायींना रोज नवा पट्टा मिळाला तर सर्वांत उत्तम, दूधही स्थिर राहतं.

२. विसावा गवताच्या वेगानं ठरवा, कॅलेंडरनं नाही. जोमाच्या वाढीत २० ते ३० दिवस पुरतात. थंडीत किंवा ताणाच्या काळात ४० ते ६० दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात.

३. गवत बुडापर्यंत खाऊ देऊ नका. बुटक्या, दाट गवतात तीन-चार बोटं उंची मागं राहू द्या. उंच, ठोंबांच्या गवतात वीतभर. गवताची साखर तिथंच असते.

तिसरी पायरी: मोजायला शिका

नजरेचा अंदाज सुरुवातीला हमखास चुकतो, कारण उंच गवत विरळ असलं तरी भरपूर वाटतं. त्यासाठी एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, लोखंडी सळईची किंवा पाइपची. पट्ट्यात सरासरी दिसणाऱ्या जागी ती ठेवा आणि आतलं गवत विळ्यानं कापा. पण जेवढी उंची गायींनी मागं ठेवावी असं वाटतं, तेवढी सोडूनच. कापलेलं वजन करा. समजा ७५० ग्रॅम भरलं. आता त्यातलं २०० ग्रॅम बारीक कापून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, कडक उन्हात किंवा मंद भट्टीत. ३६ ग्रॅम उरले तर शुष्क भाग १८ टक्के. म्हणजे चौरस मीटरला १३५ ग्रॅम शुष्क चारा.

एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. त्यात साडेतेरा किलोंच्या वर शुष्क चारा निघाला, म्हणजे जवळजवळ एका गायीचा एक दिवस. १० गायींना १० गुंठे, तुडवण्याची सूट धरून १२ गुंठे द्या. प्रत्येक पट्ट्यात तीन-चार ठिकाणी चौकट टाकून सरासरी काढा. काही आठवड्यांनी चौकटीआधीच तुमचा अंदाज आकड्याच्या जवळ यायला लागतो, तरी महिन्यातून एकदा चौकट टाकून डोळ्याची परीक्षा घेत राहा.

आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि सगळं कुरण पायी फिरा. प्रत्येक पट्ट्यापुढं वहीत तीनच गोष्टी लिहा: शेवटचं कधी चरलं, आज गवत किती, पुढं कधी चारायचं. या फेरीला मी बाकी सगळ्या कामांपेक्षा वरचं स्थान देतो. गवत कमी पडणार आहे हे ती दोन-तीन आठवडे आधी सांगते, आणि तेवढ्या अवधीत बरंच काही करता येतं.

चौथी पायरी: पट्टे, तार, पाणी आणि वाट

पट्ट्यांची संख्या काढायला विसाव्याच्या दिवसांना मुक्कामाच्या दिवसांनी भागा आणि एक मिळवा. २८ दिवस विसावा, एक दिवस मुक्काम: २९ पट्टे. वरच्या उदाहरणात १२ गुंठ्यांचे २९ पट्टे म्हणजे पावणेनऊ एकरांच्या आत. १५ एकरांतले उरलेले सहा-सव्वासहा एकर जोमाच्या हंगामात कापणीसाठी मोकळे राहतात, आणि वाढ मंदावली की तेही फेऱ्यात घेता येतात. इतकी कायमची कुंपणं घालायची गरज नाही. बाहेरचं कुंपण पक्कं करा, आत हलक्या खुंटांवर उचलता येणारी एक तार पुरते.

झटका मशीनची तार मोठ्या गायींसाठी जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर ठेवा, वासरं असतील तर खाली आणखी एक. मशीन साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका देतं, त्यामुळे जनावर दचकतं पण त्याला इजा होत नाही. घरची वीज थेट तारेला कधीही जोडू नका. त्यात जनावर मरतं, माणूसही मरतो. झटका लागत नसेल तर आधी अर्थिंग, म्हणजे मशीनची जमिनीशी असलेली जोडणी तपासा. कोरड्या जमिनीत ठोकलेली एकच सळई काही कामाची नसते, तीन सळया ओलसर जागी खोल ठोका. तारेला टेकलेलं गवतही झटका पिऊन टाकतं. नव्या गायींना आधी पक्क्या कुंपणाच्या आत अशी तार दाखवून शिकवा, नाहीतर पहिल्याच दिवशी त्या ती तोडून जातील.

दुभत्या गायीला दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात याहून जास्त. पाणी पट्ट्यातच किंवा अगदी जवळ हवं. पाणी जवळ असलं की गायी एकेकट्या येऊन पितात. लांब असलं की अख्खा कळप एकदम निघतो, दांडग्या गायी हौदाला वेढा घालतात, गरीब गाय तहानलेलीच कळपामागे परतते आणि तिचं दूध त्या दिवशी उतरतं. हौद लहान असला तरी चालेल, भरण्याचा वेग मात्र चांगला हवा.

वाटेकडे नवख्यांचं लक्ष जात नाही. गाय शांतपणे चालते तेव्हा मान खाली घालून पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते पाहते, आणि मागचा पाय जवळजवळ त्याच जागी पडतो. मागून काठी घेऊन हाकललं की तिची मान वर जाते, पाय कुठं पडतोय ते दिसत नाही आणि खूर दगडावर येतो. लंगड्या गायी दिसू लागल्या तर औषधाआधी वाट आणि हाकणारा माणूस बघा.

पाचवी पायरी: रोजचा क्रम

गोठ्यातल्या गायींना एकदम कुरणावर सोडू नका. पोटातले जिवाणू नव्या चाऱ्याला सरावायला दोन आठवडे घेतात. पहिल्या दिवशी तास-दोन तास, तेही थोडी सुकी वैरण खाऊन झाल्यावर, आणि मग हळूहळू वेळ वाढवा.

गाय दिवसात आठ-नऊ तास चरते, उरलेल्या वेळातला बराचसा रवंथात जातो. ती भुकेली राहिली म्हणून चौदा तास चरत नाही, त्यामुळे गवत तोंडभर येईल इतकं दाट हवं. दिवसातलं सर्वांत मोठं जेवण संध्याकाळचं असतं, आणि दिवसभराच्या उन्हानं तोवर गवतात साखरही भरलेली असते. म्हणून नवा पट्टा संध्याकाळच्या धारेनंतर उघडा. कडक उन्हाळ्यात रात्रीची चराई जास्त चालते, दुपारी सावली आणि पाणी द्या.

पावसात जमीन चिखल झाली की खुरांनी मुळं उपटली जातात आणि ते नुकसान पुढं अनेक महिने दिसतं. अशा दिवसांत गायींना तीन-चार तास चारून बाहेर काढा. भुकेली गाय तेवढ्यात बरंच पोट भरून घेते. उरलेला वेळ त्यांना कोरड्या, ठरवून ठेवलेल्या एकाच जागी थांबवा.

वाढ मंदावली तर, वाढ जास्त झाली तर

गवत मंदावलं की नवख्या माणसाचा हात नेमका उलट जातो. गायी हंबरतात म्हणून तो पट्टे भराभर उघडतो, विसावा आणखी घटतो, प्रत्येक फेऱ्यात गवत आधीपेक्षा कमी मिळतं आणि महिन्याभरात सगळं कुरण एकसारखं बुटकं होतं. या वेळी फेरा लांबवायचा असतो. रोजचा पट्टा लहान करा, तूट साठवलेल्या मुरघासानं (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यानं) किंवा वाळल्या वैरणीनं भरा, भाकड गायी आणि कालवडी दुसरीकडे हलवा, दूध आटत आलेल्या गायी लवकर आटवा.

वाढ जोरात असेल तेव्हा फेरा आखूड करा आणि पुढं निघून गेलेले पट्टे चारायच्या यादीतून वगळा. तेच कापून मुरघास किंवा वाळली वैरण करा, कणसं बाहेर पडायच्या आधी. ही कापणी चराईवरच्या कळपाची शिल्लक आहे. ती चुकली तर टंचाईत बाजाराकडे हात पसरावा लागतो.

वेत गवताशी जुळवा

गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी दूध शिखरावर जातं. तेव्हा कुरणही भरात असेल तर महागडं आंबोण वाचतं. न्यूझीलंड आणि आयर्लंडमधली बहुतेक दूधशेती याच गणितावर उभी आहे: बहुतांश कळप वसंताच्या तोंडावर थोड्या आठवड्यांत वितो आणि गवत संपत आलं की भाकड होतो. तुमच्याकडे गवताचा भर कधी येतो ते पाहा आणि तिथून मागे मोजा. दूध बारा महिने पुरवणं भाग असेल तर दोन गट करा, पण मोठा गट गवताच्या हंगामातच राहू द्या.

दर ३६५ दिवसांनी वेत हवं तर व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाय गाभण राहायला हवी. माज साधारण २१ दिवसांनी येतो. सकाळी दुसऱ्या गायीला अंगावर चढू देत उभी राहिलेली गाय संध्याकाळी भरवा (वळू दाखवा किंवा रेतन करा), संध्याकाळी दिसलेली दुसऱ्या सकाळी. पुढच्या वेताआधी ६० दिवस तिला आटवून विश्रांती द्या.

अंगावरचं मांस हातानं तपासा. कमरेच्या आडव्या हाडांची टोकं हलक्या दाबानं लागली पाहिजेत, पण डोळ्यांना धारदार दिसता कामा नयेत. विताना गाय अशी असावी, कारण पहिल्या दोन महिन्यांत ती अंगावरचं काढून दूध देते. वासराला पहिल्या सहा तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पाजा. त्यात काटकसर नको.

आंबोण किती?

चांगल्या उष्णकटिबंधीय गवतावर गाय ८ ते १० लिटरपर्यंत दूध आंबोणाशिवाय देऊ शकते, थंड हवामानातल्या कोवळ्या गवतावर याच्या दुपटीपर्यंत. आंबोण त्यावरच्या दुधासाठी, नव्यानं व्यालेल्या गायींसाठी आणि टंचाईसाठी ठेवा. सगळ्यांना सारखी पाटी देणं थांबवलं तरी खर्च लगेच उतरतो. गवत भरपूर असताना आंबोण वाढवलं तर गाय तेवढं गवत कमी खाते, म्हणजे फुकटच्या चाऱ्याऐवजी विकतचा पोटात जातो. मीठ आणि खनिज मिश्रण मात्र बारा महिने समोर असू द्या. कुरणात द्विदल वाढवा: क्लोव्हर, लसूणघास, स्टायलो, जे तुमच्या हवेला मानवेल ते. मुळांवरच्या गाठींतून ती हवेतला नत्र जमिनीत आणतात, गवताला युरिया कमी लागतो आणि चाऱ्यात प्रथिनं वाढतात.

धोके

पोटफुगी. भुकेल्या गायी दव पडलेल्या, कोवळ्या लसूणघासात किंवा क्लोव्हरमध्ये सोडल्या की डावी कूस ढोलासारखी ताणते, गाय पाय झाडते, श्वास अडतो. हे तासाभरात जिवावर बेतू शकतं. ताबडतोब पशुवैद्याला बोलवा; तो येईपर्यंत पाव ते अर्धा लिटर खाद्यतेल हळूहळू, मान फार वर न करता पाजा आणि तिला उभी ठेवा. आधी सुकी वैरण आणि दव उडाल्यावर चराई ही सवय लावली की अशी वेळ क्वचितच येते.

ज्वारीचे गुडघ्याखालचे कोवळे फुटवे किंवा पावसाचा ताण बसलेली ज्वारी चारू नका, त्यात सायनाइडची विषबाधा होते. एकदम फुटलेल्या लुसलुशीत गवतावर नुकत्याच व्यालेल्या, वयस्क गायी लटपटायला, थरथरायला लागल्या तर मॅग्नेशियम कमी पडल्याची शंका घ्या. त्या हंगामात खनिजांतून ते आधीच द्या.

जंतांच्या अळ्या बहुतांशी गवताच्या तळाशी असतात, म्हणून गवत बुडापर्यंत न चारण्यानं जंतही कमी लागतात. वासरांना सर्वांत जास्त त्रास होतो. त्यांना नव्या पट्ट्यात गायींच्या आधी सोडा, ती शेंडे खातील, मग मोठी जनावरं येतील. जंताचं औषध शेणाची तपासणी करूनच द्या. पाणथळ कोपरे, जिथं गोगलगायी आहेत, तिथून यकृतातल्या चपट्या कृमी लागतात. ते कुंपणानं तोडून टाका.

कोणती गाय ठेवायची

वर्षाच्या शेवटी वही उघडून प्रत्येक गायीपुढं चार गोष्टी तपासा: वेळेत गाभण राहिली का, पाय आणि कास निकोप आहेत का, आंबोणाशिवाय अंग टिकवते का, कुरणातून धारेला वेळेवर चालत येते का. मोठ्या अंगाच्या, दुधाला भरमसाट पण आंबोणावरच चालणाऱ्या गायी कुरणावर हाडं दाखवायला लागतात आणि फिरून फिरून उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत. मध्यम बांध्याची, चालणारी, दरवर्षी वेळेत विणारी गाय कळपात ठेवा आणि कालवडीही तिच्याच राखा. वळू किंवा रेत निवडतानाही दुधाच्या आकड्याआधी त्याच्या लेकी वेळेत गाभण राहतात का, हे विचारा.